हाती चालणारा लेथ आणि बॉल स्क्रू

(तालुक्याच्या गावी लेथ चालविणारे कारागीर, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षक आणि उद्योग खात्याचे अधिकारी यांच्यापुढे हैदराबाद येथे मराठीतून दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



हैदराबादेत यंत्रांविषयी मराठीतून बोलावयास मिळावे, ही समाधानाची गोष्ट आहे. या नगरीशी आपला संबंध जुना आहे. १९५६ सालापर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्या काळी उदगीर-देगलूरकडचा माणूस शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी आणि यंत्राच्या सुट्या भागांसाठी याच शहराची वाट धरीत असे. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी ही वाट बुजलेली नाही. आजही सिकंदराबादच्या राणीगंज बाजारात बेअरिंग, चक, पुली घ्यावयास आलेला सीमाभागातील कारागीर भेटतो.

यंत्रे घडविणारी यंत्रे, म्हणजे ज्यांना आपण मशीन टूल्स म्हणतो, त्यांच्या बाबतीतही या शहराची परंपरा मोठी आहे. प्रागा टूल्स हा कारखाना १९४३ साली सिकंदराबादेत उभा राहिला. पुढे एच.एम.टी.नेही येथे आपला कारखाना काढला. लघुउद्योगांच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था १९६२ साली दिल्लीहून येथे आली. बाळानगर येथे १९६८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन ही संस्था सुरू झाली. तेव्हा लेथसंबंधी चार शब्द बोलावयाचे, तर त्यासाठी हे ठिकाण योग्यच आहे.

आजचा विषय मी मुद्दाम अरुंद निवडला आहे. आपल्यापैकी अनेकांकडे वीस-तीस वर्षे चाललेला, हाती चालविण्याचा लेथ आहे. त्याचे हँडल फिरविले, की प्रथम ते थोडे रिकामे फिरते आणि मग स्लाइड हलते. कारागीर त्याला ‘प्ले आला’ असे म्हणतात. अलीकडे बॉल स्क्रू बाजारात सहज मिळू लागले आहेत. संगणकावर चालणाऱ्या सी.एन.सी. यंत्रांत ते असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे ‘आमच्या लेथला बॉल स्क्रू बसविला, तर तो सी.एन.सी.सारखे माप देईल काय?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देण्याजोगे नाही. कर्ज काढून चुकीचा उपाय केला, तर पैसा जातो आणि लेथही काही आठवडे बंद राहतो. ऐन हंगामात तालुक्याचा लेथ बंद राहिला, तर विहिरीवरचा पंप, मळणीयंत्र आणि ट्रॅक्टर यांची कामे अडतात. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करू.

स्क्रूचे काम काय?

लेथवर काम फिरते आणि हत्यार सरकते. हत्यार किती सरकावे, हे स्क्रू ठरवितो. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूचा आटा ५ मि.मी. अंतराचा असेल, तर हँडलच्या एका पूर्ण फेऱ्यात स्लाइड ५ मि.मी. सरकते. डायलवर शंभर खुणा असल्या, तर प्रत्येक खूण ०.०५ मि.मी.ची झाली. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावयास हवी. हत्यार जितके आत जाते, त्याच्या दुप्पट व्यास कमी होतो. हत्याराची चूक ०.०५ मि.मी.ची असेल, तर व्यासाची चूक ०.१० मि.मी.ची होते.

ही चूक लहान वाटेल. परंतु बेअरिंगच्या बैठकीचे उदाहरण घ्या. ३० मि.मी. व्यासाच्या शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसवावयाचे असेल, तर के ६ या नेहमीच्या मापाप्रमाणे शाफ्ट ३० मि.मी.पेक्षा कमीत कमी ०.००२ आणि जास्तीत जास्त ०.०१५ मि.मी. मोठा हवा. म्हणजे व्यासात मोकळीक ०.०१३ मि.मी.ची. हत्याराच्या चालीत ती ०.००६५ मि.मी. होते, डायलच्या एका खुणेचा सातवा-आठवा भाग! शाफ्ट बारीक झाला, तर बेअरिंगची आतली कडी त्यावर घसरून फिरते, बैठक झिजते, आणि पंप पुन्हा तुमच्याच दारी येतो. शेतकऱ्याची पाण्याची एक पाळी चुकते, ती वेगळीच.

या उदाहरणातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की प्ले कमी करणे हे खरोखर महत्त्वाचे आहे. दुसरी ही, की कोणताही स्क्रू बसविला, तरी शेवटचे माप डायलने नव्हे, तर मायक्रोमीटरनेच घ्यावयाचे असते.

साधा स्क्रू आणि बॉल स्क्रू

साध्या स्क्रूत पोलादाचा आटा गनमेटलच्या किंवा ओतीव लोखंडाच्या नटावर घासत सरकतो. सुमारे १८०० साली इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने आटे पाडणाऱ्या लेथला पक्के रूप दिले, तेव्हापासून ही योजना चालत आली आहे. घासण्यामुळे दोन्ही भाग झिजतात, आणि आट्याच्या दोन बाजूंमध्ये फट पडते. तोच आपला प्ले.

बॉल स्क्रूत आट्याच्या जागी अर्धगोल खाच असते. नटातही तशीच खाच असते, आणि दोहोंच्या मध्ये पोलादी छर्रे असतात. सायकलच्या चाकात छर्रे का घालतात, हे आपण जाणतोच. घसरण्याच्या जागी गडगडणे आले, की घर्षण कमी होते. फरक एवढाच, की येथे स्क्रू फिरू लागला म्हणजे छर्रे नटाच्या एका टोकाकडे जातात. म्हणून त्यांना परत पहिल्या टोकाशी आणणारी एक वाट नटातच केलेली असते. ही कल्पना जुनी आहे. तथापि तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग १९४० च्या सुमारास अमेरिकेत मोटारींच्या स्टिअरिंगमध्ये झाला. १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अंकांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले. त्यानंतर अशा यंत्रांबरोबर बॉल स्क्रूचाही प्रसार झाला.

साध्या स्क्रूत हाताने दिलेल्या शक्तीचा साधारण तीस ते चाळीस टक्के भाग कामी येतो. उरलेला घर्षणात जातो. बॉल स्क्रूत नव्वद टक्क्यांच्या वर कामी येतो. शिवाय किंचित मोठे छर्रे भरून, अथवा दोन नट एकमेकांविरुद्ध ताणून, प्ले जवळजवळ नाहीसा करता येतो. येथवर ऐकून कोणालाही वाटेल, की मग विलंब कशाला? परंतु याच गुणात एक दोष दडलेला आहे, आणि तो समजल्याखेरीज पाना हाती घेऊ नये.

जो सहज फिरतो, तो उलटाही फिरतो

२५ मि.मी. व्यासाच्या आणि ५ मि.मी. आट्याच्या स्क्रूचा चढ अवघा चार अंशांचा असतो. पोलाद आणि गनमेटल यांच्या घर्षणाचा कोन सहा ते साडेआठ अंशांच्या आसपास येतो. चढापेक्षा घर्षणाचा कोन मोठा, म्हणून स्लाइड कितीही रेटली, तरी साधा स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. गाडीचा स्क्रू जॅक भाराखाली खाली उतरत नाही, त्याचे कारण हेच. बॉल स्क्रूत घर्षणाचा कोन अर्ध्या अंशाहूनही कमी असतो. त्यामुळे स्लाइडवर रेटा आला, की स्क्रू उलटा फिरू पाहतो.

हा रेटा किती, याचा हिशेब करू. हत्यारावर आडवा रेटा १०० किलोग्रॅम आला आणि स्क्रूचा आटा ५ मि.मी.चा असेल, तर ६० मि.मी. त्रिज्येच्या हँडलच्या टोकाशी तो सुमारे सव्वा किलोग्रॅम इतका जाणवतो. हलक्या कामात रेटा याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच असतो, आणि डव्हटेलच्या घर्षणामुळे स्लाइड पुष्कळदा जागीच राहते. पण पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे. कारागिराने मायक्रोमीटर घेण्यासाठी हँडल सोडले आणि यंत्राच्या थरथरीने हत्यार हळूहळू मागे सरकले, तर ते डोळ्यांना दिसत नाही. काम निमुळते होते. बिडाच्या पुलीला तोंड काढताना किंवा खाच पाडताना असे झाले, तर माप हमखास जाते.

याहून गंभीर प्रकार पार्टिंगचा, म्हणजे काम कापून वेगळे करण्याचा आहे. पार्टिंगचे हत्यार अडकले, की ते आत ओढले जाते. पितळेवर धारेला पुढचा उतार दिलेला असेल, तर ओढ आणखी वाढते. साध्या स्क्रूत हत्यार प्लेइतकेच आत जाते आणि थांबते. रोध नसलेल्या बॉल स्क्रूत हँडलच फिरत जाऊ शकते. हत्यार मोडते, काम चकातून उडते, आणि हँडलची मूठ बोटांवर बसते. सी.एन.सी. यंत्रात हा धोका येत नाही, कारण तेथे मोटर स्क्रूला सतत धरून ठेवते. उभ्या दिशेने चालणाऱ्या भागाला तर वीज गेली असता तो खाली येऊ नये म्हणून ब्रेकही दिलेला असतो. हाती चालणाऱ्या लेथवर मोटरचे हे काम कोणी करावयाचे? बॉल स्क्रू बसविणाऱ्याने प्रथम या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

लीड स्क्रूला हात लावू नये

लेथवर स्क्रू मुख्यतः तीन ठिकाणी असतात : क्रॉस स्लाइडमध्ये, कंपाउंड स्लाइडमध्ये आणि बेडच्या पुढील बाजूस लीड स्क्रू म्हणून. यांपैकी लीड स्क्रूच्या जागी बॉल स्क्रू घालण्याचा विचार हाती चालणाऱ्या लेथवर सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण हाफ नट. आटे पाडताना आपण लिव्हर दाबून दोन अर्धे नट लीड स्क्रूवर मिटवितो, आणि आटा संपला की उघडतो. सॅडल मग हाताने मागे आणता येते. बॉल स्क्रूचा नट असा दोन भागांत उघडता येत नाही. उघडला तर छर्रे बाहेर पडतील. तो नट कायमचा जोडला, तर लीड स्क्रू फिरताच सॅडल चालू लागणार. उलट सॅडलचे मोठे चाक फिरविले, की लीड स्क्रू फिरणार. आटे पाडताना योग्य क्षण दाखविणारी तबकडीही निरुपयोगी होणार. शिवाय लांबी जास्त, कीस आणि पाणी थेट अंगावर, आणि खर्चही मोठा. लेथ पूर्णपणे मोटरवर आणि नियंत्रकावर चालवावयाचा ठरविला, तर गोष्ट निराळी. मग दोन्ही दिशांना बॉल स्क्रू घालणे हेच योग्य. पण तो नवा संसार आहे. जुन्या घराची डागडुजी नव्हे.

आधी निदान, मग औषध

क्रॉस स्लाइडचा प्ले नेमका कोठून येतो, हे प्रथम मोजून पाहावे. त्यासाठी दोन डायल गेज पुरतात. एका गेजचे टोक क्रॉस स्लाइडला टेकवावे, दुसऱ्याचे स्क्रूच्या टोकाला. हँडल फिरू नये असे धरून स्लाइड हाताने पुढे-मागे ढकलावी. समजा, पहिल्या गेजवर ०.४० मि.मी. हालचाल दिसली आणि दुसऱ्यावर ०.१५ मि.मी. याचा अर्थ असा, की स्क्रू स्वतःच आपल्या बैठकीत ०.१५ मि.मी. पुढे-मागे होत आहे. ती चूक बेअरिंगची किंवा कॉलरची आहे. उरलेली ०.२५ मि.मी. नट आणि आटे यांची आहे.

नंतर हेच माप स्लाइड मध्यावर आणि दोन्ही टोकांना ठेवून घ्यावे. सर्वत्र सारखे आले, तर झीज नटाची आहे. मध्यावर जास्त आणि टोकांना कमी आले, तर स्क्रूच झिजला आहे, कारण रोजचे काम बहुधा मधल्याच भागावर होते. शेवटी गिब पाहावी. गिब सैल असेल, तर स्लाइड तिरपी होते. तो दोष स्क्रूच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

या तपासणीस अर्धा दिवसही लागत नाही. तिच्यानंतर पुष्कळ वेळा असे आढळते, की कॉलरचा नट आवळून, गिब जुळवून आणि गनमेटलचा नवा नट कातून काम भागते. हा नट आपल्याच लेथवर होतो. नटाचे दोन भाग करून मध्ये पाचर किंवा समायोजनाचा स्क्रू ठेवला, तर पुढे झीज झाली तरी फट पुन्हा काढून टाकता येते. ज्याचा प्रश्न केवळ माप वाचण्याचा आहे, त्याने अंक दाखविणारी डिजिटल पट्टी बसविण्याचा विचार करावा. ती स्लाइडची प्रत्यक्ष चाल दाखविते. स्क्रूतील प्लेशी तिचा संबंध नसतो. जुने टर्नर नेहमी एकाच बाजूने माप गाठतात. हँडल जास्त फिरले तर बरेच मागे घेऊन पुन्हा पुढे येतात. ही सवय कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची आहे, आणि तिला पैसा पडत नाही.

बॉल स्क्रू बसवावयाचाच असेल तर

इतके करूनही क्रॉस स्लाइडला बॉल स्क्रू घालण्याची गरज असू शकते. एकाच मापाचे नग मोठ्या संख्येने काढणारा, हात दुखेपर्यंत हँडल फिरविणारा, किंवा पुढेमागे मोटर बसविण्याचा बेत असणारा कारखानदार तो जरूर बसवू शकेल. त्याने पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट जागा. १६ मि.मी. व्यासाच्या आणि ५ मि.मी. आट्याच्या प्रचलित बॉल स्क्रूच्या नटाचे अंग सुमारे २८ मि.मी. व्यासाचे आणि फ्लँज सुमारे ४८ मि.मी.ची असते. क्रॉस स्लाइडखाली ही जागा आहे काय, ते प्रत्यक्ष मोजावे. जागा करण्यासाठी स्लाइडच्या खालच्या अंगाचे बीड फार खोदू नये. स्लाइड पातळ झाली, की ती वाकते, आणि प्ले गेला तरी कामावर लहरी उमटतात.

दुसरी गोष्ट आट्याची दिशा. नेहमीच्या रचनेत स्क्रू जागीच फिरतो आणि नट स्लाइडला जोडलेला असतो. हँडल घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरविल्यावर हत्यार कामाकडे जावे, म्हणून तेथील साधा स्क्रू डाव्या आट्याचा केलेला असतो. बाजारातील बॉल स्क्रू मात्र बहुतेक उजव्या आट्याचे असतात. तसाच बसविला, तर हत्यार मागे घेण्यासाठी फिरविलेले हँडल ते कामात घुसवील. वीस वर्षांची हाताची सवय संकटाच्या क्षणी विचार करीत नाही. म्हणून डाव्या आट्याचा स्क्रू मागवावा, त्यासाठी थांबावे लागले तरी चालेल.

तिसरी गोष्ट डायल आणि फीड. पुष्कळ जुन्या लेथांत क्रॉस स्क्रूला इंचाला दहा आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यास २.५४ मि.मी. त्याच्या जागी ५ मि.मी.चा स्क्रू आला, की जुनी डायल खोटे सांगू लागते. नवी डायल कोरून घ्यावी. आपोआप चालणारी आडवी फीडही त्याच प्रमाणात, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. लेथवरील फीडच्या पाटीवर ही दुरुस्ती लिहिलीच पाहिजे. या फीडसाठी जुन्या स्क्रूवर जे गिअर असते, ते नव्या स्क्रूवर चावी घालून पक्के करावे लागते, हेही विसरू नये.

चौथी गोष्ट टोकांची कातणी आणि बैठक. बॉल स्क्रूचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो. साध्या हायस्पीड हत्याराने तो कातत नाही. कार्बाइडची टीप, मजबूत पकड आणि हलका काप घ्यावा. शक्य असल्यास टोके तयार करूनच मागवावीत. हँडलच्या बाजूस अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी एकमेकींविरुद्ध बसवावी. नटातील प्ले काढला आणि बेअरिंगमधील तसाच ठेवला, तर सर्व खर्च वाया गेला असे समजावे.

पाचवी गोष्ट नटाची हाताळणी. नट स्क्रूवरून कधीही मोकळा काढू नये. छर्रे ओघळून जमिनीवर पडतात. काढावयाचाच असल्यास आट्याच्या तळाच्या व्यासाहून किंचित बारीक अशी पोकळ नळी टोकाला लावून तिच्यावर नट उतरवून घ्यावा. विद्यार्थ्यांना हे एकदा करून दाखविले, की ते जन्मभर विसरत नाहीत.

सहावी गोष्ट रोध. क्रॉस स्लाइडला घट्ट करण्याचा लॉक असावा, आणि हँडलच्या दांड्यावर कमी-जास्त करता येणारा घर्षणाचा ब्रेक असावा. फायबरची गादी आणि तिला दाबणारा एक स्क्रू इतक्याने तो होतो. सरळ कातणी करताना लॉक घट्ट करावा. पार्टिंग करताना आणि तोंड काढताना ब्रेक थोडा आवळून ठेवावा. ब्रेकशिवाय बसविलेला बॉल स्क्रू अपुरा समजावा, मग त्याची किंमत काहीही असो.

सातवी गोष्ट संरक्षण. बिडाची काळी धूळ ही छर्‍यांची शत्रू आहे. गनमेटलचा नट कीस पोटात घेऊनही चालत राहतो. बॉल नट तसा सहनशील नाही. नटाच्या दोन्ही तोंडांना पुसणाऱ्या रिंगा असाव्यात, वरून पत्र्याचे झाकण असावे, आणि तेल अथवा ग्रीस नियमाने द्यावे. हवेच्या फवाऱ्याने कीस उडविण्याची सवय सोडावी, कारण त्याने कीस आतच जातो. योग्य निगा राखली, तर आयुष्य भारावर अवलंबून असते. भार निम्मा केला, की फेऱ्यांतील आयुष्य आठपट होते. हलक्या कामाच्या लेथवर म्हणूनच झिजेपेक्षा घाणीनेच बॉल स्क्रू लवकर मरतो.

चाचणी

बसविल्यानंतर लगेच गिऱ्हाइकाचे काम लावू नये. एक पोलादी दांडा चकात घट्ट धरून त्यावर तीन पायऱ्या काताव्यात. प्रत्येक पायरीस डायलवर ठरावीक चाल द्यावी, आणि मायक्रोमीटरने व्यास मोजून कागदावर लिहावा. हत्यार पूर्ण मागे घेऊन पुन्हा त्याच खुणेवर आणावे आणि गेज तेच दाखविते काय, ते दहा वेळा पाहावे. मग ब्रेक आवळून, हँडल सोडून, एक लांब हलका काप घ्यावा. दोन्ही टोकांचे व्यास मोजावेत. निमुळतेपणा पूर्वीपेक्षा वाढला असेल, तर स्लाइड सरकत आहे. तो सारखाच राहिला असेल, तर दोष बेडचा किंवा टेलस्टॉकचा आहे, आणि तो कोणत्याही स्क्रूने जाणार नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. बॉल स्क्रू म्हणजे आपोआप अचूकपणा नव्हे. स्वस्तात मिळणारे बॉल स्क्रू लाटून केलेले असतात. सी ७ या प्रतीत ३०० मि.मी. लांबीत ०.०५ मि.मी.पर्यंत चूक मान्य असते. काळजीपूर्वक कातलेला जुना साधा स्क्रू याहून सरस असू शकतो. बॉल स्क्रू प्ले काढतो, हात हलका करतो. झिजलेला बेड, सैल स्पिंडल आणि बोथट हत्यार यांवर त्याच्यापाशी इलाज नाही.

शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना विनंती

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना माझी विनंती अशी, की एक जुना झिजलेला लेथ भंगारात काढण्यापूर्वी टर्नरच्या वर्गाला द्यावा. दोन गेजांची ती तपासणी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. प्लेचे तीन वाटे त्यांनी स्वतः मोजावेत, गनमेटलचा नट स्वतः कातावा, आणि शक्य असल्यास एका लेथवर बॉल स्क्रू बसवून दोहोंतील फरक हाताने अनुभवावा. उलटे फिरणारे हँडल एकदा हाताला जाणवले, की घर्षणाच्या कोनाचा धडा फळ्यावर वेगळा शिकवावा लागत नाही. असा विद्यार्थी पुढे सी.एन.सी. यंत्रावर गेला, तर तेथेही केवळ बटणे दाबणारा राहणार नाही.

उद्योग खात्याच्या अधिकाऱ्यांना सांगणे एवढेच, की कर्जाचा अर्ज तपासताना नव्या सामानाच्या दरपत्रकाबरोबर जुन्या यंत्राच्या मोजणीचा कागदही मागवावा. कोणता भाग किती झिजला आहे, हे ज्याने लिहून आणले, त्याचा पैसा सहसा बुडत नाही. आणि कारागीर बंधूंना सांगणे असे, की तालुक्याच्या गावी आपल्या लेथवर नुसते लोखंड कातले जात नाही. चार कोसांवरचा माणूस शाफ्ट खांद्यावर टाकून येतो, तो आपल्या मापावर विश्वास ठेवून येतो. तो विश्वास नव्या स्क्रूने राखला जात असेल, तर जरूर नवा स्क्रू घाला. नव्या नटाने राखला जात असेल, तर नट काता. पण दोहोंच्या आधी गेज लावा.